आंब्याखालची हाक

शेवूच्या घरातलं तांदळाचं मडकं रिकामं होऊन तीन दिवस झाले होते. तरी शेवूला भूक लागत नव्हती. तिचं इवलंसं पोट हेव्यानेच भरलं होतं.

हेवा कुणाचा? एका निळ्याशार शंखाचा!

डोंगरातल्या त्या गावात कुठे आग लागली, कुणी विहिरीत पडलं, की लोक शेवूच्या आईला हाक मारायचे. टेकडीवरच्या पिटुकल्या हाकघरात भागाबाई कान देऊन बसायची आणि गड्यांना बरोबर तिकडे पिटाळायची. त्याबद्दल घरोघरून ओंजळ ओंजळ तांदूळ यायचे. मग पाटलांनी साता समुद्रापलीकडून शंख आणला. हाक मारली की त्यातून मधाळ आवाज यायचा, "आपली हाक आमच्यासाठी मोलाची आहे!" हाकघराला कुलूप लागलं.

"काय गोड बोलते गं ही!" बायका म्हणायच्या. "नाहीतर आपली भागा. नुसती खेकसायची."

ऐकून शेवूच्या छातीत मिरची झोंबायची. आणि उद्या तर तिला मामाकडे ठेवून आई परगावी कामाला निघणार होती.

त्या दुपारी शेवू रानात करवंदं शोधत होती. कोळ्याच्या जाळ्यात एक सोनेरी चतुर धडपडत होता. पंख फाटू न देता तिने त्याला अलगद सोडवलं. लख्खकन उजेड झाला आणि समोर एक चिमुकली परी! मोराच्या गळ्यासारखे पंख, टिकलीएवढं हसू.

"दोन इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "पण एक नियम आहे हं. कुणाचं वाईट मागितलंस, तर आधी त्याच्या मनातलं ऐकावं लागेल."

"ऐकेन की!" शेवू फणकारली. "त्या शंखातलीचा आवाज बसू दे. पार बेडकासारखा!"

परीने तिच्या कानात दवाचा एक थेंब सोडला. दूरवर कुणीतरी रडत होतं. शेवूएवढीच मुलगी असावी.

'कुणाची तरी आजी विहिरीत पडलीय. आंब्याखाली या, म्हणतात. पण माझ्या जादूच्या आरशात तिथे आंबाच नाही! कुठे पाठवू गडी? पहाटेपासून बोलतेय, घसा सुकलाय. आई गं, मला घरी यायचंय.'

"आंबा दिसेल कसा?" शेवू म्हणाली. "माझ्या जन्माआधीच वादळात पडला तो!"

पण झाड पडलं म्हणून नाव टाकायची त्या गावाची रीत नव्हती. 'आंब्याखाली' म्हणजे पाटलांचा मळा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे विहिरीत पडली होती ती पाटलांचीच आई!

'गप्प बस,' आतला हेवा कुजबुजला. 'चांगली खोड मोडू दे त्यांची.'

शेवू क्षणभर गप्प बसलीही. मग तिला ओंजळीने तांदूळ घालणारा त्या आजीचा सुरकुतलेला हात आठवला.

"परीताई, माझी इच्छा मी परत घेते!"

"घे. पण ती वाया गेली. आता एकच उरली."

ती एक शेवूने आईसाठी राखली होती. हाकघराचं कुलूप उघडायला. तरी ती ओरडली,

"माझी हाक आईला ऐकू जाऊ दे. आत्ताच! आई गं, आंब्याखाली! विहिरीत आजी!"

घरी गाठोडं बांधणारी भागाबाई ताडकन उठली. टेकडीवर धावली आणि अशी खेकसली, की पाखरं उडाली. "अरे ए, झोपलात का सगळे? दोर घ्या! पाटलांच्या मळ्यात पळा!"

आजी वर आली. भिजलेली, थरथरणारी, पण जिवंत.

संध्याकाळी पाटलांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. "भागावहिनी," ते मान खाली घालून म्हणाले, "खेकसा हवं तेवढं. पण इथेच बसा."

शेवू धावत रानात गेली. "परीताई, आणि ती शंखातली मुलगी?"

"तिचा हेवा संपला वाटतं?"

"थोडा उरलाय," शेवू पुटपुटली. "आवाज खरंच गोड आहे तिचा."

परी खळखळून हसली. "तिला मी घरी पोचवलंय. तिच्या गावचं हाकघर मिळालंय तिला. तिथलं प्रत्येक झाड ती ओळखते. पडलेलंसुद्धा!"

मग जांभळ्या, केशरी, रुपेरी ठिणग्या उडाल्या आणि परी उजेडात विरघळून गेली.

आज त्या रानात परी नाही. पण कुणी "परीपाशी या!" अशी हाक मारली, तर हाकघरातल्या शेवूला बरोबर कळतं, कुठे जायचं ते.