केरबा मास्तरांचा राहिलेला डाव

फार वर्षांपूर्वी, वेळशेतात विहीर एकच होती आणि देवळाच्या पडवीत शाळा भरायची, तेव्हा तिथं केरबा मास्तर होते. त्यांना पत्त्यांचा भारी नाद. शाळा सुटली की पारावर डाव बसायचा.

एका दुपारी डाव ऐन रंगात होता. पलीकडं विहिरीवर त्यांची नऊ वर्षांची चंद्रा पाण्याला गेली होती. "बाबा," अशी हाक आली. जेवायला बोलावत असेल, असं मास्तरांना वाटलं.

"एवढा डाव होऊ दे गं."

हाक तीनदा आली. मग आली नाही. तो डाव मास्तरांनीच जिंकला, असं म्हणतात.

गावानं सगळे पत्ते जाळले. या शिवेत पुन्हा पत्ता दिसणार नाही, अशी देवीपुढं शपथ झाली. मास्तरांची बायको अनसूया त्यांना भाकरी वाढायची, पण बोलायची नाही. चंद्रा सातच्या पाढ्याला नेहमी अडायची. आता शाळेत तो पाढा आला की मास्तरच गप्प व्हायचे, आणि सगळी पोरं तिथंच अडायची.

दोन वर्षं अशी गेली. मग मास्तरांनी जुन्या पंचांगाची पानं चिंचोक्याच्या खळीनं चिकटवली, वाळवली, कापली. एकावर सात, एकावर चौदा, असे सत्तरपर्यंत दहा पत्ते. पाच जणांत वाटायचे. सात मांडला की पुढचा ज्याच्याकडं, त्यानं पाढा म्हणत लावायचा. तीन दिवसांत पोरांना पाढा आला, आणि चौथ्या दिवशी गाव पडवीत आलं.

"एक पोर गेली, तेवढ्यानं भागलं नाही का मास्तर?" पाटील म्हणाले.

"तिला हा पाढा येत नव्हता," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांना तरी येऊ दे."

सगळ्यांनी अनसूयेकडं पाहिलं. "मास्तरीणबाई, तुम्हीच सांगा आता."

तिनं सातचा पत्ता उचलून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

"खेळू द्या," ती म्हणाली. "पण हाक आली की उठायचं. हातात काय का असेना."

तोच नियम झाला. पुढं नद्यांचे पत्ते झाले, धान्यांचे झाले. आजूबाजूच्या वाड्यांची पोरंही येऊ लागली.

मास्तर म्हातारे झाले. एका दुपारी त्रेसष्ट लागला होता, सत्तर त्यांच्याच हातात होता. एकाएकी त्यांनी मान वर केली. पोरांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आलो गं," मास्तर म्हणाले. पत्ता पालथा ठेवला आणि निघाले.

शाळेपासून विहिरीपर्यंत एकाचीच पावलं उमटली होती. विहिरीपासून माळाकडं दोघांची, एक मोठी, एक लहान, ओली. माळावर ती विरली, असं म्हणतात. माणसं शोधायला निघाली, तर अनसूयेनं अडवलं.

"बोलावलं म्हणून गेले," ती म्हणाली. "या वेळी गेले."

वेळशेतात पोरं अजून सातचा पाढा पत्त्यांवरच शिकतात. सत्तर कुणी लावत नाही, तो पालथा ठेवतात. आणि डाव कितीही रंगात असो, दारातून कुणाच्याही आईनं हाक मारली, की सगळा वर्ग उठतो. ज्याला बोलावलेलं नसतं, तोही.