दोन फांद्या वर

झाडांवरही सोसायट्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. एका जुन्या उंबरावर सत्तावीस बिऱ्हाडं राहायची आणि साळुंकी त्यांची सेक्रेटरी होती. कायदा असा होता की दर वर्षी सुतारपक्ष्याकडून झाड तपासून घ्यायचं आणि त्याने दिलेला दाखला घरोघरी जाऊन वाचून दाखवायचा.

त्या वर्षी सुतारपक्षी म्हणाला, "सेक्रेटरीबाई, पूर्वेची फांदी आतून पोखरली आहे. सगळ्यांना आजच सांगा."

साळुंकीला घरोघरी हिंडायचा कंटाळा आला. तिने सभा बोलावली, तर चौघंच आली. "कोरम नाही, पुढच्या रविवारी बघू," म्हणत तिने दाखला आपल्या ढोलीत ठेवून दिला. पुढच्या रविवारीही चौघंच आली.

त्यानंतर दोनच दिवसांनी वारा सुटला आणि पूर्वेची फांदी कोसळली. तिच्यावर खारीचं घर होतं. खार कशीबशी उडी मारून वाचली, पण दोन्ही पिल्लं गेली.

साळुंकी रडत खारीपाशी आली. "मी दोनदा सभा बोलावली होती गं," ती म्हणाली.

खार खाली पडलेल्या फांदीकडे बघत म्हणाली,

"पिल्लांना एकटं टाकून मी सभेला कशी येणार होते? पण तुझ्या ढोलीपासून माझं घर दोनच फांद्या वर होतं."