मागांची मधली सुट्टी

"हार्डकोर आता चालत नाही म्हणजे काय, वस्ताद? हे ठरवणार कोण?"

शीतल मगदूम फोन पुढं करून यंत्रमागाच्या कारखान्याच्या दारात उभा होता. मंगळवारची दुपार. सकाळी आईनं दळणाला पाठवलं होतं, आणि गिरणीच्या रांगेतच पुण्याच्या म्युझिक कंपनीचा निरोप आला. हार्डकोर रॅप आता कुणी ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत प्रेमाचं गाणं पाठवा, नाहीतर आपला करार संपला.

पिठाचा डबा सायकलला तसाच अडकवून तो थेट इकडे आला होता. काळ्या टी-शर्टवर पीठ उडालं होतं.

घरी तो शीतल. स्टेजवर त्याचं नाव 'जाळ'.

इलाही वस्तादांनी निरोप वाचला आणि फोन परत दिला. इचलकरंजीत हार्डकोर आणलं ते वस्तादांनी आणि त्यांच्या मित्रानं, मल्लूनं. मल्लू तीन वर्षांपूर्वी गेला. वस्ताद आता इथं जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे.

"तुमच्या वेळी लोक पाण्याच्या टाकीवर चढून ऐकायचे ना?"

"चढायचे."

"मग काय झालं?"

"मग सगळीच चिडाय लागली. ज्याचं कुणाशी वाकडं न्हाई, तो बी चिडायचा. आरशात बघून सराव करायची पोरं. शेवटी चिडलाय कोण अन् ठसका लागलाय कुणाला, कळंना झालं."

शीतलला हसू आलं. त्यानं ते दाबलं. जाळ हसत नसतो.

"मी तसला नाही, वस्ताद. माझ्या आवाजानं पत्रा हलतो."

वस्तादांनी वर पत्र्याकडे बघितलं.

"चल. हलव."

आत बारा माग चालू होते. कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं कळत नव्हतं. वस्तादांनी त्याला मधल्या बोळात उभं केलं आणि हातानं खूण केली... म्हण.

शीतलनं सुरुवात केली. स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येईना. त्यानं आवाज चढवला. मानेच्या शिरा फुगल्या. विणकर धाग्यांकडे बघत होते. त्यानं डोळे मिटले, पोटातून जोर लावला.

घड्याळात एक वाजला. जेवणाची सुट्टी. वस्तादांनी मेन स्विच खाली ओढला.

माग थांबले.

शीतल थांबला नाही.

"मी वाघ! मी आग! मी या गावाचा बाप!"

"कुणाचा बाप म्हनलास?" कल्लाप्पा तात्यांनी विचारलं. कारखान्यातले सगळ्यांत जुने विणकर ते, हातात डबा घेऊन उभे होते.

"वाघाला खर्डा-भाकरी चालती का इचारा," सुताच्या कांड्या भरणाऱ्या मालनमावशी म्हणाल्या.

सगळा कारखाना हसला. शीतलनं डोळे उघडले. त्याचे कान तापले होते.

"आता म्हण," वस्ताद म्हणाले.

"आता? माग बंद आहेत."

"म्हनूनच."

त्यानं तोंड उघडलं. वाघ, आग, बाप. एवढ्या शांततेत ते शब्द उच्चारायची त्यालाच लाज वाटली. दुसरं काहीतरी आठवायला हवं होतं. बराच वेळ काही आठवेना. कुणी घाई केली नाही. डबे उघडत होते.

मग शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं, कधीच कुणाला न दाखवलेलं, त्यानं हळू म्हणून बघितलं.

"बाप माझा मोठ्यानं बोलतो, भांडत नाही तो,
बारा तास मागाशी बोलून घरी येतो तो.
आई म्हणते, हळू बोला, झोपलंय ना पोर,
बाप म्हणतो, ऐकू येईना, लाव जरा जोर."

कल्लाप्पा तात्यांचा घास हातातच राहिला.

"ह्ये कुणाचं रं?"

"माझंच."

"आमच्या घरात कवा आला हुतास तू?"

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी शीतलही हसला.

"परत म्हन," मालनमावशी म्हणाल्या आणि डब्याच्या झाकणावर बोटांनी ताल धरला. चुकीचा होता, पण पक्का होता. दुसऱ्या खेपेला चौथी ओळ सगळ्यांनीच म्हटली, आणि "लाव जरा जोर" म्हणताना तात्यांनी इतका जोर लावला की त्यांना ठसका लागला.

"चिडलाय का ठसका लागलाय?" वस्तादांनी विचारलं.

शीतलनं हसून पोट धरलं. मालनमावशींनी अर्धी भाकरी त्याच्या हातात दिली, वर खर्डा. ती खाता खाताच त्यानं दुसऱ्या हातानं कंपनीला लिहिलं, 'प्रेमाचं गाणं माझ्याकडे नाही. बापावरचं आहे. हळू म्हणायचं आहे. घेणार असाल तर सांगा.'

पाठवून टाकलं. करार जाईल, हे त्याला ठाऊक होतं. तरी भाकरी गोड लागत होती.

सुट्टी संपत आली. माणसं आपापल्या मागाकडे वळली. वस्तादांनी स्विचवर हात ठेवला.

"वस्ताद, एक विचारू?"

"हं."

"तुम्ही अन् मल्लूअण्णांनी असं कधी का नाही म्हटलं? हळू?"

वस्तादांनी स्विचवरचा हात काढला.

"मल्लू लिहायचा, मी वरडायचो," ते म्हणाले. "त्यो काय लिहितोय, त्ये ऐकायचं राहिलं."