सारजा मला ओळखेल का?

एकदा एका गावच्या ख्रिस्ती मंडळीत अमोस नावाचा एक शिष्य होता. पुढे पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, व्हावे, ही त्याची मनापासूनची इच्छा. पण बायबल उघडले की स्वारीला हटकून झोप येई. तसा तो चांगला धट्टाकट्टा होता. क्रिकेटची मॅच दिवसभर डोळे ताणून पाही. पवित्र शास्त्राची दोन पाने झाली की मात्र हनुवटी छातीला टेकलीच म्हणून समजा!

त्या मंडळीत एक रिवाज होता. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढायचे आणि रोजचा भाग झाला की भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नावापुढे खूण करायची. ज्याचे वाचन पूर्ण होई, त्याचा नाताळात शाल देऊन सत्कार. अमोस या तक्त्यात सदैव सर्वांच्या पुढे! बायबलातल्या नियमशास्त्राचे अध्यायच्या अध्याय या पठ्ठ्याने झोपेत पार केले होते, हे फक्त त्याला आणि त्याच्या उशीला ठाऊक.

अखेर त्याचे मनच त्याला खाऊ लागले. तो तबिथाबाईंकडे गेला. तबिथाबाई म्हणजे त्या गावच्या जुन्या बायबलबाई. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायचे, हेच काम त्यांनी चाळीस वर्षे केले. वय ऐंशीच्या घरात, जीभ मात्र अजून पंचविशीची.

"बाई, सांगायला लाज वाटते," अमोस म्हणाला, "पण मला वाचनात गोडीच लागत नाही. काहीतरी उपाय सांगा."

"आण ते पुस्तक इकडे."

अमोसने पुस्तक दिले. बाईंनी ते आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली.

"आता महिनाभर वाचायचं नाही."

"अहो बाई, मी पाळक व्हायला निघालोय!"

"म्हणूनच सांगते. उद्यापासून फिलीप मिस्त्रींकडे जाऊन बस. डॉक्टरांनी हात टेकलेत. त्यांना पाणी दे, पाय चेप, चार गप्पा मार."

"आणि तो तक्ता? मी मागे पडेन ना!"

"पड की जरा," बाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

अमोस धुसफुसतच दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेला. अर्ध्या गावाच्या भिंती बांधलेला हा गवंडी आता खाटेवर काडीसारखा पडून होता, पण थट्टा काही सुटली नव्हती. "या, पाळकसाहेब! भेटायला आलात की पोचवायला?" पाच दिवस अशाच गप्पा झाल्या. सहाव्या दिवशी सकाळी अमोसने त्यांची दाढी करून दिली. मिस्त्रींनी आरसा मागून घेतला, बराच वेळ त्यात पाहिले आणि तो हळूच खाली ठेवला.

"अमोस, एक विचारू? माझी बायको, सारजा, गेली तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. काळ्याभोर मिशा होत्या मला. आता बघ, दात गेले, केस गेले, गालांचे खड्डे झाले. मी वर गेल्यावर ती मला ओळखेल का रे?"

"देवाच्या कृपेने सगळं चांगलंच होईल, काका," अमोस घाईघाईने म्हणाला.

"हे तर भिंतीवरच्या त्या कॅलेंडरवरसुद्धा छापलंय." मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. "तू शिकतोयस ना? शास्त्रात काय आहे ते सांग. माझ्याकडे फार दिवस नाहीत बाबा."

अमोस तडक तबिथाबाईंच्या दारात.

"बाई, किल्ली द्या!"

"अरे, महिना कुठं झाला? आज सहावाच दिवस."

"थट्टा नको, बाई. मिस्त्रीकाका विचारतायत आणि मला उत्तर येत नाही. इतक्या वेळा वाचलं आणि काही म्हणजे काही येत नाही! मी गप्पच राहिलो आणि ते तसेच गेले तर?"

बाईंनी किल्ली लगेच काढून दिली.

"अमोस, हे पुस्तक सुखाने तक्क्याला टेकून बसलेल्यांचं नाही रे. यात कुणी लेकरू पुरून आलेलं आहे, कुणी तुरुंगात मरणाची वाट बघतंय. प्रत्येकाने देवाला काहीतरी विचारलंय, काहींनी तर चक्क भांडून विचारलंय. तुला मात्र काहीच विचारायचं नव्हतं, म्हणून त्यांचं बोलणं तुला अंगाईसारखं लागायचं. आपण कशाला जन्मलो, मेल्यावर आपलं माणूस भेटेल का, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचंय, त्याला वाच म्हणून सांगावं लागत नाही. आज तू कुणासाठी तरी विचारायला आलायस. बस आता आणि वाच."

तो दिवसभर बाईंच्या ओट्यावर वाचत बसला. दुसऱ्या दिवशीही वाचत होता. पुढ्यातली भाकरी निवून गेली, पण गड्याला एक डुलकी आली नाही. तिसऱ्या प्रहरी तो पुस्तक काखेत घेऊन मिस्त्रींकडे धावला.

"काका, खोटं सांगत नाही, सरळ उत्तर काही मला सापडलं नाही. पण एक गोष्ट सापडली. प्रभू कबरेतून उठला त्या सकाळी त्याची शिष्या मरिया बागेत रडत होती. तो समोर उभा होता, तरी तिने ओळखलं नाही. तिला वाटलं, माळीच आहे. मग त्याने तिला नावाने हाक मारली, आणि तिने लगेच ओळखलं."

मिस्त्रींनी मान त्याच्याकडे वळवली.

"म्हणजे तोंडावरून नाही ओळखलं, तरी हाकेवरून ओळखता येतं?"

"तिने तरी ओळखलं, काका."

मिस्त्री कोपरावर जोर देऊन थोडे वर सरकले. त्यांनी घसा खाकरला आणि अंगातली होती नव्हती ती शक्ती लावून हाक मारली, "सारजाऽऽ!"

पिठाच्या हातांनी सून बाहेर धावत आली. "काय झालं, मामंजी?"

"काही नाही गं," मिस्त्री हसत म्हणाले, "सराव करतोय."

अमोसला हसू आले आणि रडूही आले. त्याने तेच पान पुन्हा उघडले, कारण मिस्त्रींना आता पुढचे ऐकायचे होते. आणि खरे सांगायचे तर त्यालाही.