भर दुपारची बांग

फार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठच्या एका पांढऱ्या गावात थंड डोंगरातला एक कोंबडा राहायला आला. पहिल्याच दुपारी तो चक्रावला. ऊन रणरणत होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खिडक्या बंद. "एवढा उजेड असून हे झोपले कसे?" असं म्हणत तो तापलेल्या कौलांवर चढला आणि घसा बसेपर्यंत आरवला.

एक खिडकी किलकिली झाली. त्याची मालकीण मारिना म्हणाली, "उद्या दुपारी आवाज काढलास, तर तुझा रस्सा करीन."

पाय पोळलेला कोंबडा ऑलिव्हच्या झाडाखालच्या म्हाताऱ्या गाढवाकडे गेला. "काका, उजेड दिसला की गावाला उठवायचं, हेच माझं काम. माझं चुकलं कुठे?"

"सावलीत बस आणि बघ," गाढव म्हणालं.

ऊन कललं. खिडक्या उघडल्या, दारापुढे पाणी शिंपडलं गेलं, खुर्च्या बाहेर आल्या. पोरं समुद्राकडे पळाली. मारिना कलिंगड कापायला बसली.

"म्हणजे आत्ता उजाडलं?" कोंबड्याने विचारलं. "पण सूर्य तर बुडतोय."

"बुडू दे. तू आरव."

कोंबड्याला काहीच कळेना, तरी त्याने भीतभीत बांग दिली. मारिनाने कलिंगडाची एक फोड त्याच्यापुढे टाकली.