रस्त्यात कुठेतरी आई

चंदनगडच्या राजाच्या घोडागाड्या एका महिन्यात सात वेळा उलटल्या. सातव्या खेपेला कुंभारआळीतला धोंडिबा चाकाखाली येता येता वाचला, पण पाय मोडलाच. त्याची लेक हौसा तडक दरबारात गेली.

"महाराज, तुमचे गाडीवान बेफाम हाकतात."

राजा कर्णसेनाला तक्रार मुळीच खपत नसे. "आमचे गाडीवान नामांकित आहेत. दोष रस्त्याचा."

"रस्ता जागेवरच होता, महाराज. अंगावर गाडी आली."

दरबारी मिशीत हसले. राजा चिडला. "मग तूच थांबव अपघात! महिन्याची मुदत. घोडे बदलायचे नाहीत, गाडीला हात लावायचा नाही, कुणाला शिक्षा करायची नाही. जमलं नाही तर बापलेकीनं गाव सोडायचं."

हौसा गाडीखान्यात गेली. थोरला गाडीवान रंभाजी म्हणाला, "पोरी, वीस वर्षं हाकतोय. माझी चूक कधीच नसते. समोरचाच मध्ये येतो." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. हौसानं वाद घातला नाही. प्रत्येकाचं घर कुठं ते विचारलं आणि तीन दिवस ती घरोघर हिंडली.

चौथ्या दिवसापासून गाव चकित झालं. रंभाजी वळणावर लगाम खेचू लागला. बाजारात गाड्या थांबून माणसांना वाट देऊ लागल्या. महिना सरला, पण रस्त्यावरच्या कोंबडीलाही धक्का लागला नाही.

राजानं हौसाला आणि गाडीवानांना बोलावलं. "काय जादू केलीस?"

"यांच्या आयांना भेटले, महाराज. ज्यांना आई नाही, त्यांच्या लेकींना. प्रत्येकीनं घरी सांगितलं, 'आजपासून रोज घटकाभर मी रस्त्यावर असेन. कुठं, ते सांगणार नाही.'"

"आपली आई ओळखू येत नाही?"

"भरधाव गाडीतून डोक्यावर पदर घेतलेली प्रत्येक बाई सारखीच दिसते."

रंभाजी खाली बघत पुटपुटला, "महिनाभर मोळीवालीला, भाजीवालीला, सगळ्यांना वाट दिली. त्यातली माझी आई कोण होती, अजून कळलं नाही."

"गाडीवान भोळे," राजा म्हणाला. "आम्ही नसतो फसलो." तो बाहेर येऊन रथात बसला आणि सारथ्याला म्हणाला, "बागेकडे. वाऱ्यासारखा पळव!"

हौसानं हात जोडले. "सुखरूप जा, महाराज. फक्त, राजमाता सकाळपासून महालात नाहीत."

"मग कुठं आहेत?"

"रस्त्यात कुठेतरी."

राजानं पुढे झुकून स्वतःच लगाम धरला. "हळू रे, हळू!" आपलाच आवाज कानी पडला, तसा तो असा खदखदून हसला की घोड्यांनी कान टवकारले.

धोंडिबाकडे त्याच दुपारी राजवैद्य गेला, आणि गाडीखान्याचा कारभार हौसाच्या हाती आला. रथ मात्र बागेपर्यंत पायी चालल्यासारखा गेला. राजा दोन्ही बाजूंना मान वळवून प्रत्येक बाईकडे निरखून बघत होता.