सूत तुटेल तिथं झाड

"या आवारातलं एकही झाड माझा हात लागल्याशिवाय उभं राहिलेलं नाही," असं धाकूआबा गुरव पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात, आणि लगेच कमरेची चंची चाचपत पुस्ती जोडतात, "कुदळ मात्र जन्मात धरली नाही. कंबर धरते."

खांबेकर चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरला करंज, बकुळ, जांभळांचा वेढा आहे. ओळीत एक झाड नाही, मनाला येईल तिथं उभी. आणि दर्शनी भिंतीवर सहा मजले उंच रंगवलेला वड, पारंब्यांसकट. कॉलेजची मुलं तो बघायला आली, की आबा त्यांना आधी उन्हात उभं करतात. सावली आयती मिळाली तर गोष्ट पटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सांगतात ते असं. चाळ पाडली तेव्हा अंगणातला वडही गेला. नव्या घराची किल्ली हाती आली, तर तानीबाई साटम अडून बसली. वडाला सात फेरे घातल्याशिवाय नवा उंबरा ओलांडणार नाही, असा तिचा पण. ती राहिली भावाकडे, आणि तिचा नवरा दिगू, सिनेमाचे बॅनर रंगवणारा, चौदाव्या मजल्यावर एकटा करपलेलं पिठलं खाऊ लागला. पिठल्यानं माणसाच्या हातून मोठमोठी कामं होतात. दिगूनं परांची बांधली आणि वटपौर्णिमेच्या आत जुना वड जसाच्या तसा भिंतीवर उतरवला. पोपटसुद्धा फसायचे, म्हणे.

तानीबाई आली. डोळे भरेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "झाड तेच आहे हो. पण फेरा कुठून घालू?"

चित्राच्या मागं कसं जाणार? तेव्हा बायकांनी अख्ख्या इमारतीलाच सूत गुंडाळायचं ठरवलं. मागच्या बाजूला राडारोड्याचे ढीग होते, ते नवऱ्यांनी घमेल्यांनी उपसले. सूत निघालं आणि सिमेंटच्या कोपऱ्यावर घासून तटकन तुटलं. बायका चरकल्या. तानीबाई म्हणाली, "तुटलं तिथं रोप लावा. वड गेला, त्याच्या नातलगांनी तरी यावं." तिथं करंज लागला. गाठ मारून बायका पुढं निघाल्या. सातवा फेरा पुरा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. तानीबाईनं उंबरा ओलांडला आणि पहिली पिठल्याची कढई घासायला घेतली.

आजही वटपौर्णिमेला टॉवरला सूत गुंडाळतात, आणि तुटेल तिथं झाड लावतात. गुंता होऊ नये म्हणून सुतामागून आबा चालतात. आता चारी कोपऱ्यांवर झाडं आहेत, सूत घासायला जागा नाही. तरी दरवर्षी तुटतंच. एकदा चेअरमनच्या गाडीच्या जागेशी तुटलं, एकदा जनरेटर बसवायचा घाट होता नेमकं तिथं.

"वडाची इच्छा," आबा डोळे मिटून म्हणाले.

बकुळीखाली फुलं वेचत बसलेल्या म्हाताऱ्या तानीबाईनं मान वर केली.

"भावोजी, तुमच्या तोंडात एक दात नाही. मग चंचीत अडकित्ता कशाला बाळगता?"